हाली किती झाले?

नांदूरघाट, ता. केज, जि. बीड
१२ फेब्रुवारी १९५२

दोस्त ख्वाजा,

रामराम घे आणि सलामही घे. साडेतीन वर्षांनी तुझं पत्र आलं. पाकिट कराचीचं आणि अक्षर बालबोध, म्हणून पोस्टमननं ते आधी पारावर दाखवलं आणि मग माझ्याकडे आणलं. अक्षर चौथीत होतं तिथंच थांबलंय तुझं. पण वाचताना मला दोनदा चष्मा पुसावा लागला, हे कबूल करतो.

पैसे पोचले. तुझा ड्राफ्ट घेऊन मी बीडला गेलो. तुझ्या पंचवीस पाकिस्तानी रुपयांचे इथे छत्तीस होतात. शंभराला एकशे चव्वेचाळीस असा भाव आहे, असं कारकून म्हणाला. तिथला रुपया आपल्यापेक्षा जड झालाय म्हणे. छत्तीस रुपये आणून हजराभाबीच्या पुढ्यात ठेवले, तर तिनं हातसुद्धा लावला नाही. म्हणाली, "हाली किती झाले?"

सरकारचा कलदार रुपया गावात चालायला लागून दोन वर्षं झाली, पण तुझ्या बायकोचा हिशेब अजून निजामाच्या हाली शिक्क्यातच चालतो. ज्वारीचा भाव हालीत, मजुरी हालीत. चारमिनार असलेल्या रुपयाशिवाय तिला रुपया समजतच नाही. मग मी सांगितलं, सहा कलदारचे सात हाली, म्हणजे छत्तीसचे बेचाळीस. तेव्हा कुठे तिनं पैसे उचलून पदरात बांधले.

तुझी आई अजमतबी बरी आहे. डोळे गेलेत पुरते, पण आवाजावरून मला ओळखते आणि जेवलास का म्हणून विचारते. पाऊस झाला नाही. आम्ही गावात धान्याची सोसायटी काढली आहे आणि मी तिचा चिटणीस. पगार नाही, शिव्या भरपूर.

भाबीनं एकच गोष्ट विचारायला सांगितली. तू निघालास त्या दिवशी तिनं तुझ्या दंडाला हिरव्या फडक्यात एक रुपया बांधला होता, इमाम जामिनचा. सुखरूप पोचल्यावर तो गरिबाला द्यायचा असतो, मग सफर पुरी होते, असं ती म्हणते. दिलास का?

तुझा,
सुंदरराव


कराची
३ एप्रिल १९५२

सुंदर,

चिटणीस झालास बे! लई बरं वाटलं. शाळेत तुझी त्रैराशिकं उतरून मी पास झालतो, आता सगळं गाव तुझ्यावर पास होनार.

मी हितं लॉरीच्या गॅरेजात हाय. मालक भला मानूस. एका खोलीत आमी सहाजन ऱ्हातो. समुंदराची हवा हाय, पन पानी खारं लागतं. मराठी बोलाया कोनी न्हाई. म्हनून तुला लिहितो तवा मोठ्यानं बोलत लिहितो, बाकीचे हसतात.

आईला आन् हजराला हिकडं आनायचं हाय. पुढच्या साली दोन खोल्या घेईन. तोवर दर दोन म्हैन्यांनी पंचवीस पाठवीन. आईला म्हनावं, हितं डोळ्याचे मोठे डाक्टर हैत.

दंडावरचा रुपया दिला म्हनून सांग हजराला. बंदरावर उतरलो त्याच दिशी दिला.

ख्वाजा


नांदूरघाट
२० नोव्हेंबर १९५२

ख्वाजा,

तुझे तीन ड्राफ्ट वेळेवर आले. दर वेळी भाबी विचारते, हाली किती झाले, आणि दर वेळी मी बेचाळीस सांगतो. आकडा तिला आधीच पाठ आहे. तरी माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय पैसे उचलत नाही.

यंदाही पाऊस गेला. मृगात चार थेंब आले आणि नंतर आभाळ धुतल्यासारखं कोरडं. कपिलधारला गेलो होतो, तिथली धार बोटाएवढी राहिली आहे. आपण दोघं जिच्याखाली उभं राहायला घाबरायचो, तीच धार. केजच्या रस्त्याचं दुष्काळी काम निघालंय, भाबी तिथे खडी फोडायला जाते. मी नको म्हणालो. म्हणाली, बेचाळिसात दोन माणसं दोन महिने जगतील असा भाव सोसायटीत कर, मग घरी बसते. 

तुझ्याकडे यायचं म्हणशील तर अजमतबी हलत नाही. तुझे अब्बा इथल्या मातीत आहेत, म्हणते, मला दिसत नाही, पण पायानं त्यांची कबर सापडते. आणि तिला एकटं टाकून भाबी निघणार नाही. ऑक्टोबरपासून तर पासपोर्टही लागतो. पण तू कागद पाठवून ठेव. भाबीची पेटी भरलेली आहे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

सुंदरराव


कराची
११ जानेवारी १९५३

सुंदर,

कामाची घाई हाय, थोडक्यात लिहितो. मधी मला मुदतीचा ताप आलता. एकवीस दिस पडून व्हतो. मालकाच्या घरच्यांनी केलं माझं, न्हाईतर मेलो असतो. आता बरा हाय. हजराला सांगू नको.

कागदाचं बघतो.

एक विचारायचं व्हतं. हालीचा भाव अजून तोच हाय का, सहाला सात? का बदलला? सहज विचारतो.

ख्वाजा


नांदूरघाट
२८ मार्च १९५३

ख्वाजा,

मन घट्ट कर. तुझी आई गेली, मागच्या आठवड्यात, शुक्रवारी दुपारी. दोन दिवस खाल्लं नव्हतं, ताप नव्हता, काही नव्हतं. भाबीच्या मांडीवर डोकं होतं. मी गेलो तर नेहमीसारखं विचारलं, जेवलास का, आणि मग म्हणाली, ख्वाजा जेवला का. मी हो म्हणालो. माती तुझ्या अब्बांच्या शेजारीच दिली. मी मूठ टाकली तुझ्या नावानं.

कामावरच्या बायका तीन दिवस भाबीसोबत होत्या. शेजारच्या विमलबाईनं भाकरी पुरवली. आता घरात ती एकटीच आहे.

तू भावाचं विचारलंस म्हणून सांगतो, हाली अजून सहाला सातच आहे, पण त्याचे दिवस भरले. व्यवहारातून काढून टाकणार आहेत, बदलून घ्या अशी दवंडी झाली. म्हातारी माणसं गाडगी फोडून पैसे घेऊन येतात आणि मी सोसायटीत बसून सातचे सहा मोजून देतो. बायनाबाई माझ्यावर भांडली. सात दिले, सहा परत का, चिटणीस झाला म्हणून खातो का, म्हणाली. या वयात चोर ठरलो. बदलून घ्यायचं भाबीला सुचवलं तर म्हणाली, माझ्याकडे एकच होता, तो मी बांधून दिला.

आता थांबायचं काही कारण राहिलं नाही, ख्वाजा. तिला बोलाव. मुंबईपर्यंत मी स्वतः सोडायला जाईन.

सुंदरराव


कराची
९ मे १९५३

सुंदर,

आईचं कळलं. मशिदीत फातेहा दिला. तुला काय लिहू? मूठ टाकलीस, ते मी मरस्तोवर इसरनार न्हाई.

ह्या वक्ताला जास्तीचे पाठवले हैत. चारशे सोळा रुपये, दहा आने, आठ पै. लई खटपट करून परवानगी काढली. बँकेचं कमिशन मी हितंच भरलं, तुला तिकडं काही कापू देऊ नको. हजराला म्हनावं, घरावर पत्रे टाक, आडाचा गाळ काढ, एक म्हैस घे. खडी फोडाया जाऊ नको. आता तिला कुनाच्या तोंडाकडं बघायची गरज पडू नये.

तिच्या हातात देताना तू हजर ऱ्हा. एवढंच.

ख्वाजा


नांदूरघाट
१६ जून १९५३

ख्वाजा,

या पत्राला मी रामराम लिहीत नाही.

बीडला ड्राफ्ट दिला. कारकुनानं मोजून बरोबर सहाशे रुपये दिले, वर एक पै नाही, खाली एक पै नाही. मी खूष. मोटारीत बसून पत्र्यांचा आणि म्हशीचा हिशेब करत आलो. दुष्काळात सहाशे म्हणजे थट्टा नाही. सरळ तुझ्या घरी गेलो, चटईवर नोटा मांडल्या. भाबी कामावरून नुकतीच आलेली, हाताला चिंध्या बांधलेल्या. तिनं नेहमीसारखं विचारलं, हाली किती झाले. आणि मी गाढव, सवयीनं बोलून गेलो, "बरोबर सातशे."

 माझ्याकडे बघत राहिली. मग मला तुझा निकाह आठवला. तुझ्या दारात मांडव होता, मी पानाचं तबक घेऊन मागे बसलो होतो. काझींनी तीनदा वाचलं, मेहर रुपये सातशे, सिक्का हाली. मी तुझ्या मामांना विचारलं होतं, हे काय असतं. ते म्हणाले, नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम. संसार चालू असताना कोणी मोजत नाही. नवरा मरताना बायको माफ करते, नाहीतर सोडचिठ्ठी देताना नवरा मोजतो.

तू मेलेला नाहीस. मग का मोजलेस?

शाळेत तुला एक त्रैराशिक कधी सुटलं नाही. पाकिस्तानी रुपयाचा कलदार, कलदारचा हाली, दोन दोन पायऱ्यांचं हे एकच गणित तू आयुष्यात पैशापर्यंत बरोबर केलंस, आणि ते हे. जानेवारीत सहज म्हणून भाव विचारलास आणि मी भोळेपणानं लिहून पाठवला. तुझ्या या गणिताला मीच हातभार लावला म्हणायचं.

भाबी उठली, पाणी प्याली. मला म्हणाली, भाऊ, पैसे तुमच्याकडे ठेवा. दुसऱ्या दिवशी परत खडीवर गेली. रडली असती तर मी काहीतरी बोललो असतो.

खरं काय ते लिही. मला शब्द फिरवलेले चालणार नाहीत.

सुंदरराव


कराची
२ सप्टेंबर १९५३

सुंदर,

तू वळखशील हे मला ठावं व्हतं. हजरा आधी वळखील हे ठावं नव्हतं.

खरं हे हाय. मालकाला एकच पोरगी. तापात तिनंच माझं केलं. मालक म्हनतो, निकाह लाव, गॅरेजात निम्मा वाटा देतो, पन तिकडची बायको आधी सोड, माझ्या पोरीला सवत नको. मी चार म्हैने काही बोललो न्हाई. सहाजनांच्या खोलीत माझी खाट दाराशी हाय. येनारा जानारा पायाला लागतो. मी चाळिशीला आलो बे. घरी गेल्यावर कोनी पानी देतं, हे कसं असतं ते मी इसरलो.

हजराला बोलवीन म्हनलं, ते झूट नव्हतं. चारदा कागद केले. एकदा म्हनले जागा दाखव, एकदा म्हनले तिकडून आधी परवाना येऊ दे. आन् मला तिकडं येऊ देत न्हाईत, तुमी आपल्या पायानं गेलात म्हनतात. कुठं आपल्या पायानं गेलो? पोलीस ॲक्शनच्या वक्ताला तूच म्हनलास, चार दिस हैदराबादेला जाऊन ऱ्हा, गाव शांत झालं की ये. तुला बोल लावत न्हाई. तवा लॉरीवाल्या मुसलमानाला लोक रझाकार समजत व्हते, दुसरं काय सांगनार कोनी.

तलाकचे तीन शब्द लिहायला बसलो की हात चालत न्हाई. म्हनून ठरवलं, आधी तिचा हक्क तिच्या हातात पडू दे, मंग तोंड उघडीन. मेहर दिल्याबगर मी तो शब्द काढनार न्हाई, ही कसम हाय. तिनं पैसे घेतले का तेवढं कळव. मालक पुढच्या रमजानपर्यंत थांबनार हाय.

ख्वाजा


नांदूरघाट
१५ नोव्हेंबर १९५३

ख्वाजा,

चार दिवस म्हणालो होतो, खरं आहे. रोज आठवतं. ते ओझं माझं मी वाहीन.

तुझं पत्र भाबीला पूर्ण वाचून दाखवलं, एक ओळ गाळली नाही. पोरीचं आलं तिथे मी थांबलो, तर म्हणाली, वाचा. आठ दिवसांनी सोसायटीत आली, सगळ्यांदेखत माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, लिहा. ती आपल्या दख्खनीत बोलली, मी मराठीत उतरवलं. पुढचं तिचं आहे.

"तुमाला हजराबीचा सलाम. तुमच्या तापाचं मला कळवलं न्हाई, ते बरं केलं न्हाई. ज्या पोरीनं तुमचं केलं तिला माझी दुवा. तिच्यावर माझा राग न्हाई. तुमच्यावर हाय.

आई वारली तवा मी पेटी उघडली. म्हनलं आता जायचं. कपडे उन्हात घातले, परत घड्या करून ठेवले. तुमचे सहाशे आले तवा ती पेटी माझ्या मागं व्हती.

आता पैशाचं ऐका. मी निकाहात कबूल म्हनलं ते सातशे रुपये सिक्का हालीला. काझीनं तीनदा विचारलं, तीनदा मी तेच कबूल केलं. कलदारला केलं न्हाई, आन् तुमच्या तिकडच्या रुपयाला तर न्हाईच. हे सहाशे माझी मेहर न्हाई. मला सातशे पायजेत, चारमिनारवाले, मोजून. भाऊ म्हनतात, हाली आता बंद झाला, कुठं मिळनार न्हाई. तर मंग मी काय करू? ते सरकारला विचारा.

जवर माझ्या हातात सातशे हाली पडत न्हाईत तवर माझी मेहर फिटली न्हाई. तुमी कसम घेतली हाय. कसम तुमची हाय, माझी न्हाई.

सहाशे तुमच्या नावानं सोसायटीत ठिवले. दानापानी घ्यायला गावाच्या कामी आले. मी माझी ज्वारी खडीच्या मजुरीतून घेते. आडाचा गाळ मी न् विमलबाईनं मिळून काढला."

एवढंच तिनं सांगितलं. अंगठा खाली आहे. तुझी ठेव पावती क्रमांक एकोणचाळीस. तू आता आमच्या सोसायटीचा ठेवीदार आहेस, आणि तुला गावात यायची परवानगी नाही.

सुंदरराव


कराची
१० जून १९५४

सुंदर,

सहा म्हैने लिहिलं न्हाई. तिचं सांगनं खिशात घेऊन फिरत व्हतो. मालकाला वाचून दाखवलं, उर्दूत करून. तो आधी हसला. मंग म्हनला, दुसऱ्या रुपयात देऊन टाक, शरीयतला चालतं. मी म्हनलं शरीयतला चालंल, तिला चालनार न्हाई. रमजान गेला. ईदनंतर त्यानं पोरीचं लाहोरला ठरवलं. मी गॅरेजात हाय, पगारावर. खाट दाराशीच हाय.

हजराला एक सांगायचं हाय. दोन सालापूर्वी मी झूट लिहिलं. दंडावरचा रुपया मी दिला न्हाई.

म्हंजे दिलता. बंदराबाहेर एक आंधळा बसलेला, त्याच्या हातात ठिवला. त्यानं बोटं फिरवली, दाताखाली धरला आन् परत दिला. म्हनला, बेटा, ये सिक्का यहाँ नहीं चलता. मंग मशिदीपाशी एका बाईला दिला, तिनंबी परत केला. तिसऱ्या वक्ताला शरम वाटली. हितला रुपया खैरात करता आला असता, पन तिनं बांधलेला तो न्हवता. म्हनून फडक्यासकट ठिवला हाय. फडक्याचा हिरवा रंग गेला.

तिला सातशे पायजेत. माझ्याकडं एक हाय. तेवढा एक मी कुनाहाती पाठवू, का हितंच कुनाला देऊन टाकू? ती सांगंल तसं करीन.

ख्वाजा


नांदूरघाट
४ ऑगस्ट १९५४

ख्वाजा,

रामराम आणि सलाम.

पाऊस चांगला आहे. आडाला पाणी आलं, तुझ्या दारात भाबीनं दोडक्याचा वेल चढवलाय. सोसायटीनं उधारी फेडली आणि तुझ्या सहाशेवर व्याज आलं, अठरा रुपये. भाबीला सांगितलं. तिनं विचारलं, हाली किती झाले. मी एकवीस म्हणालो. म्हणाली, त्यांच्या नावावर लिहा.

तुझं पत्र ती वेलाला आळं करत होती तेव्हा वाचलं. लाहोरचं ऐकून हात थांबले नाहीत. आंधळ्यानं रुपया परत दिला तिथे थांबले. पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा. सहा वर्षांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. तोंडावर पदर घेऊन, मातीच्या हातांनी. विमलबाई धावत आली, काय झालं म्हणून. भाबी तिला म्हणाली, काही नाही, ते अजून पोचले नाहीत.

 मी विचारलं, भाबी, त्याला काय लिहू, रुपया पाठवू का खैरात करू म्हणतोय. तिनं तोंड धुतलं आणि मला सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो:

"पाठवू नका. कुनाला देऊबी नका. दिला तर सफर संपली असं व्हईल. त्यांना म्हनावं, परत दंडाला बांधा."

तिनं नवं हिरवं फडकं दिलं आहे, माझ्यासमोर तिच्या पदरातून फाडून. पाकिटात घातलं आहे. पोचलं की कळव.

सुंदरराव